पिल्लाची जागा

१

मी सातुर्निना. तोंडानं फटकळ आहे, पण भित्री नाही, हे आधीच सांगून टाकते. पुकारूमीला माझा जन्म गेला. डोंगरात उंचावर चार घरं, जनावरं कोंडायची चार दगडी वाडगी, आणि बाकी सगळा वारा. तिथे भित्र्या माणसाचं कामच नाही. नवरा लांब खाणीवर असायचा, वर्षातून दोनदा यायचा. घरात मी, माझी सहा वर्षांची नाय्दा आणि तायता, म्हणजे माझे वडील.

तायतांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. तरी रोज संध्याकाळी, लामा जनावरं वाडग्यात कोंडून झाली की उंबऱ्यावर बसून त्यांचा प्रश्न ठरलेला.

"सातु, वर बघ गं. पिल्लू आईजवळ आहे ना?"

ऑगस्टात आमच्याकडे दिवस बुडाला की आकाशगंगा थेट डोक्यावर येते. लोक म्हणे तिच्यात तारे बघतात. आम्ही ताऱ्यांच्या मधलं काळं बघतो. तिथे एक काळी लामा उभी असते. लांब मान, दोन ठळक तारे म्हणजे तिचे डोळे, आणि पोटाखाली दूध पिणारं काळं पिल्लू. ते पिल्लू जागेवर दिसलं की म्हाताऱ्यांना झोप लागते. मला मात्र चुलीवरचं कढण उतू जाईल याचीच काळजी. मी मान वर न करताच सांगायची, "आहे हो तायता. पितंय घटाघटा."

"बघून सांगतेस ना?"

"नाहीतर काय, स्वप्नात बघून सांगते?"

यावर ते खुदकन हसायचे. नाय्दा मात्र खरंच बघायची. पुढचा एक दात पडलेला, तोंड उघडं, आणि मान मागे टाकून आभाळाकडे टक लावलेली. मी तिला दंडाला धरून आत ओढायची, कारण थंडीत उभं राहून पोरीला खोकला लागायचा आणि रात्रभर जागायचं मी.

२

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जनावरांच्या कानांत लोकरीचे गोंडे ओवतात. गोंडा कानात गेला की जनावर त्या घरचं झालं, मग ते कुठेही भटकलं तरी परत येतं. जितकी जनावरं तितक्याच जोड्या करायच्या. कमी नाही आणि जास्तही नाही. माझी एक्केचाळीस जनावरं, म्हणून तांबड्या लोकरीच्या एक्केचाळीस जोड्या केल्या. तायतांनी त्या बोटांनी चाचपून दोनदा मोजल्या.

मदतीला शेजारची बासिलिया आली होती. ती नाय्दाची धर्ममाय, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. ती मान धरायची, नाय्दा गोंडा हातात द्यायची, मी दाभणानं कानात ओवायची, आणि तायता मक्याची दारू, चिचा, शिंपडायचे. अर्धी जनावरं झाली असतील, तेवढ्यात वावटळ उठली. धूळ इतकी, की स्वतःचा हात दिसेना.

"थांबूया का गं कोमाद्रे?" बासिलिया ओरडली.

"गोंडे ओवायचं कधी मधेच थांबवतात का? धर तू!"

डोळे मिटून, नुसत्या हातांनी मी काम चालू ठेवलं. मान शोधायची, कान शोधायचा, दाभण घालायचं. जनावरं थुंकत होती, लाथा घालत होती. त्यात एक लहानसं हाताला लागलं. बारीक मान, आणि लोकर इतकी मऊ की बोटं आत आत जात राहिली. कानात दाभण गेलं तरी हललं नाही. मला कौतुक वाटलं. मी त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शहाणं गं माझं बाळ ते."

धूळ बसली. टोपली रिकामी झाली होती, आणि माझी पांढरी मादी बिनगोंड्याची उभी होती.

"तुझं मोजायला चुकलं," बासिलिया म्हणाली.

"मोजायला मी होतो," तायता म्हणाले.

आम्ही जनावरं मोजली. एक्केचाळीस. गोंडेवाली चाळीस. जमिनीवर, भिंतीच्या फटींत, नाय्दाच्या खिशांत, सगळीकडे बघितलं. एक जोडी कुणाच्या तरी कानात गेली होती आणि तो कान काही वाडग्यात सापडेना.

"सातु," तायतांनी हळूच विचारलं, "एखादं फार शांत उभं होतं का?"

"शांत? आपल्या वाडग्यात?" मी म्हणाले आणि हात धुवायला गेले. पुकारूमीची धूळ तांबडी. माझ्या बोटांना लागलेली काळी होती, पिठासारखी बारीक, आणि उन्हातसुद्धा गार.

३

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जनावरं कोंडली आणि मोजली. अडतीस.

मी परत मोजली. एकोणचाळीस. मी बासिलियाला हाक मारली, ती भिंतीवर कोपर टेकून पुटपुटत मोजू लागली आणि म्हणाली, "एक्केचाळीस. चिचा उतरली नाही वाटतं अजून?"

"गप गं. नीट बघ, पलीकडच्या भिंतीशी."

"बघितलं की. पलीकडच्या भिंतीशी पलीकडची भिंत आहे."

मला ती भिंत पूर्ण दिसत नव्हती. आता हे नीट सांगायला हवं. तिथे काळं असं काही नव्हतं. तिथे नुसतं मागचं दिसत नव्हतं. भिंतीचे दगड डावीकडून येत होते, मधेच संपत होते आणि हातभर पलीकडे परत सुरू होत होते. एक म्हातारा नर चालत त्या जागेपाशी आला, त्याचं डोकं गेलं, मान गेली, मग अंग गेलं, आणि जरा वेळानं तो दुसऱ्या बाजूनं सगळाच्या सगळा बाहेर आला, रवंथ करत.

मी स्वतःला समजावलं. बापाचे डोळे गेले, आता लेकीचे जायला लागले. धुळीत डोळे चोळले होते, त्यानं काहीतरी झालं असेल. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना ती जागा तिथेच होती. आणि डोळ्यांत काही खुपलं असतं तर ते माझ्या नजरेबरोबर फिरलं असतं. हे फिरत नव्हतं. मी मान वळवली की ते भिंतीशीच राहायचं.

वाडग्यातून बारीक आवाज येत होता. म्म्म, म्म्म. लामाची पिल्लं आईला शोधताना असा आवाज करतात. पण त्या साली माझ्याकडे दूधपितं एकही पिल्लू नव्हतं.

४

त्या संध्याकाळी तायता उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी विचारलं, "पिल्लू आईजवळ आहे ना?"

कितीतरी वर्षांनी मी खरंच वर बघितलं.

लामा होती. मान होती, डोळे होते, पाठीची कमान होती. पोटाखाली तारे होते. लहान लहान, दाट सांडलेले, जिथे कधी एकही नसायचा तिथे. जन्मात मी ते तारे पाहिले नव्हते.

"सातु?"

"आहे ना," मी म्हणाले. एरवी न बघता सांगायची, तेव्हा जीभ अडखळायची नाही. त्या दिवशी अडखळली.

बासिलिया तिच्या अंगणात लेंड्या गोळा करत होती. मी तिच्याजवळ गेले. "कोमाद्रे, वर बघ. पिल्लू दिसतंय का?"

"दिसतंय गं, जातंय कुठे?" तिनं पाटी डोक्यावर घेत म्हटलं. तिनं वर बघितलंच नव्हतं. पाटी डोक्यावर असताना वर बघणार तरी कशी? मी तिला पाटी खाली ठेवायला लावायला हवी होती. तेवढा धीर झाला नाही. तिनं बघितलं असतं आणि 'आहे' म्हणाली असती तर मी वेडी ठरले असते. 'नाही' म्हणाली असती तर काय, याचा विचारही मला नको होता.

घरात आले तर तायता भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते. नाय्दा म्हणाली, "ममा, आज पिल्लू सुट्टीवर गेलंय ना?"

मी तिला जेवायला बसवलं.

५

तिसऱ्या दिवशी नाय्दाला घेऊन लोकरीच्या ट्रकमधून खाली सिकुआनी शहराला गेले. डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारला, भिंतीवरची अक्षरं विचारली. मला अक्षरं येत नाहीत म्हटल्यावर बोटं कुठल्या बाजूला आहेत ते विचारलं.

"मावशी, तुमचे डोळे विशीतल्या पोरीचे आहेत. काळजी करू नका."

मला इतका आनंद झाला की त्यांच्या हाताची पापी घ्यावीशी वाटली. म्हणजे दमणूक, उपास, वारा, एवढंच. मी शालीत बांधलेलं चीज काढून बळेच त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले.

बाहेर पांढऱ्या दिव्यांचा लखलखाट होता. लांब बाकावर वीसेक माणसं बसली होती. नाय्दाला मी दोन बायकांच्या मधे बसवून गेले होते. त्या दोन बायका होत्या. त्यांच्या मधे नाय्दा नव्हती. बाकाची फळी एका बाईपाशी संपत होती आणि दुसरीपाशी सुरू होत होती, आणि मागच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे फक्त दोन काठ दिसत होते.

बसायला जागा शोधणारा एक म्हातारा तिथे आला, त्या जागेकडे बघून हसला आणि म्हणाला, "सरक गं चिमणे."

"ममा!" तिचा आवाज तिथूनच आला. मग कडेनं तिचं डोकं बाहेर आलं. "मी इथेच आहे की. तू बघत का नव्हतीस?"

मी तिला उचललं आणि तशीच बाहेर पडले. ते वाडग्यात राहिलं नव्हतं. ते आमच्याबरोबर ट्रकमध्ये बसून आलं होतं. आणि जनावरांच्या पुढे उभं राहायचं सोडून ते माझ्या पोरीच्या पुढे उभं राहायला लागलं होतं.

६

घरी आल्यावर मी तायतांना सगळं सांगितलं. आवाज केवढा चढला माझा! त्यांना काय काय बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते. तुमचं ते काळं, तुमचं ते आभाळ, तुमचे ते गोंडे.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "त्याला 'माझं' म्हणालीस का तू?"

मी मान हलवली. त्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन 'हो' म्हणाले.

"ते वाईट नाही गं सातु. पिल्लू आहे ते. आई मिळाली असं वाटलंय त्याला. आणि दूधपितं पिल्लू आईपाशी दुसऱ्याला येऊ देतं का?"

"माझी पोर मला दिसली पाहिजे. बाकी मला काही कळत नाही."

"मग गोंडे काप. दुसऱ्याला दिलेल्या जनावराचे कापतो तसे. ज्या हातानं ओवले त्याच हातानं, दोन्ही कानांचे. आणि सांग, तू माझं नाहीस."

"आणि ते मला सापडणार कसं?"

"तुला दिसत नाही तिथे," तायता म्हणाले.

७

सकाळी सगळीकडे धुकं होतं. नाय्दाला मी तायतांच्या मांडीशी बसवलं, तिचा हात त्यांच्या हातात दिला, लोकर कापायची सुरी घेतली आणि वाडग्यात गेले.

जनावरं एका कोपऱ्यात दाटीनं उभी होती. बाकीचं वाडगं रिकामं. मी मधोमध उभी राहिले आणि गोल फिरत भिंत बघत गेले, दगडामागून दगड. धुक्यातही तेवढी दिसत होती. एका जागी दगड संपले.

"ये," मी म्हणाले. "ये बाळा."

आधी काही झालं नाही. मग कमरेएवढ्या उंचीवर दोन तांबडे गोंडे दिसले. माझेच. हवेत लोंबत होते आणि माझ्याकडे येताना जरा जरा हलत होते, कान टवकारल्यावर हलतात तसे. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याची दया आली. मी डाव्या हातानं एक गोंडा धरला. बोटं त्या मऊ, गार लोकरीत गेली. मी सुरी लावली.

"ममा?"

नाय्दाचा आवाज. समोरून, त्याच्या पलीकडून. पोरीनं 'मुतायला जाते' म्हणून तायतांच्या हातातून हात सोडवून घेतला होता, हे मला मागाहून कळलं.

"घरी जा! नाय्दा, घरी जा!"

"तू कुठे आहेस? ममा, मला काही दिसत नाही." ती रडायला लागली. आणि तिचा आवाज दूर जायला लागला. वाडगं वीस पावलांचं. आवाज वीस पावलांपेक्षा खूप दूर गेला, आणि अजून जातच होता.

दोन गोंडे कापायचे, चार शब्द बोलायचे. किती वेळ लागला असता? सगळं निस्तरलं असतं. मला हे तेव्हाही कळत होतं. पण माझी पोर रडत लांब चालली होती. मी सुरी टाकली आणि दोन्ही हात त्याच्या आत घातले, खांद्यापर्यंत. आत हाड नव्हतं, मांस नव्हतं. नुसती बारीक गार धूळ, आणि तिला तळ नव्हता. मी हात फिरवत राहिले. मग माझ्या बोटांना लहान, गरम बोटं लागली. मी ती धरली आणि ओढली.

तेवढ्यात वर काहीतरी झालं. धुक्यातून जेवढा उजेड येत होता तेवढाही एकदम गेला. कोपऱ्यातल्या एक्केचाळीसही जनावरांनी एकदम माना वर केल्या आणि ती तशीच थिजून उभी राहिली. त्यांच्या डोळ्यांत मला खूप उंच, मान खाली घालत असलेलं काहीतरी दिसलं. मी स्वतः वर बघितलं नाही. हातातला हात घट्ट धरून मी भिंतीवरून उडी मारली आणि बासिलियाच्या दारापर्यंत धावत सुटले.

८

बासिलियानं दार उघडलं. "अगं बाई, पोर कशी रडून लाल झालीय बघ!" असं म्हणून तिनं खाली वाकून शालीनं नाय्दाचं नाक पुसलं.

मला बासिलियाचा हात कोपरापर्यंत दिसला. पुढचा दिसला नाही.

याला आता चार वर्षं झाली. ते गोंडे मला परत कधी दिसले नाहीत. आम्ही सिकुआनीत राहतो, मी बाजारात गरम कढण विकते. तायता पुकारूमीलाच राहिले, बासिलिया त्यांना बघते. नाय्दा दहा वर्षांची झाली. किती उंच झाली ते मला डोक्यावर हात ठेवून कळतं. तिच्या वेण्या मी रोज सकाळी घालते, नुसत्या बोटांनी. बायका म्हणतात, "नाक अगदी तुझं घेतलंय गं." मी म्हणते, "हो ना." माझ्याजवळ तिचा एकच चेहरा आहे, पुढचा दात पडलेला, सहा वर्षांचा. तो झिजेल या भीतीनं मी तो फारसा काढतही नाही.

कधी कधी वाईट विचार येतो. आत हात घालून मी बाहेर काय ओढलं? मी तर बघितलं नाही. मग ती अभ्यासावरून भांडते, साखर चोरते, झोपेत लाथ मारते, आणि माझी मलाच लाज वाटते. आवाज येईल तिकडे तोंड करायचं, हसायचं, हे मला आता छान जमतं. तिला कधी कळू दिलं नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघी चुलीपाशी बसलो होतो. ती म्हणाली, "ममा, ही रिबीन मला कशी दिसते?"

"छान. तुला तांबडं शोभतं."

चूल फुरफुरत होती. मग ती म्हणाली, "रिबीन नाहीये, ममा. मी नुसतं विचारलं."

धूर डोळ्यांत गेला, दिवसभर उभी होते, असं काहीबाही मी बोलायला लागले. तिचा हात माझ्या खांद्याला लागला. तिथून गळ्याला, गळ्यावरून हनुवटीला, मग तोंडावर. चाचपत, सावकाश, अंधारात भांडं शोधतात तसा. तिनं माझं तोंड दाबून धरलं.

"मला पण तू दिसत नाहीस," ती म्हणाली. "त्या दिवसापासून. तू रडशील म्हणून सांगितलं नाही."

मी तिला ओढून पोटाशी घेतलं. एवढं तरी करता येतं. खूप वेळ आम्ही तशाच बसलो, दोघी रडत होतो, आणि ती माझ्या इतक्या जवळ होती की तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. शेवटी मी विचारलं, "मग तुला काय दिसतं गं?"

तिचा श्वास माझ्या गालावरून वर सरकला, तिनं मान मागे टाकली होती.

"आधी ते लहान होतं," ती म्हणाली.